सहा काळ्या शाया आणि एक पांढरी चादर

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. जुना हा शब्द मी स्वतः वापरला तर चालतो, दुसऱ्या कोणी वापरला तर माझ्यात कागद अडकतो. अंगानं मी चांगला रुंद आहे. चालू होताना असा खडखडतो की शेजारच्या खोलीतून कोणीतरी "काय पडलं?" म्हणून विचारतंच. माझ्या पोटात शाईची सहा घरं आहेत आणि आज त्या सहाही घरांत काळीच शाई भरलेली आहे. हसू नका. एकच काळी शाई सहा प्रकारची कशी असते, आणि तिच्यापायी एका घरातली तीन शहाणी माणसं महिनाभर एकमेकांशी कशी हुज्जत घालत होती, तेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ कारखान्यात झाला. तिथं सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि तोंडावर फडकी होती. कारण माझ्या डोक्यात केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रं आहेत, आणि धुळीचा एक कण तिथं बसला तरी माझी बोलती बंद होते. या छिद्रांना नोझल म्हणतात. त्यांतून शाईचे थेंब उडतात, इतके बारीक की एकटा थेंब तुम्हाला दिसायचाही नाही. खोक्यात भरण्यापूर्वी माझ्याकडून एक पान छापून घेतलं. त्यावर एक टरबूज, एक पोपट आणि गुलाबी फ्रॉकमधली एक मुलगी होती. तपासणाऱ्या बाईंनी पान उजेडात धरलं आणि "छान" म्हणाल्या. आयुष्यातलं पहिलं कौतुक माणूस विसरत नाही, मीही विसरलेलो नाही.

तिथून मी गेलो फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात. काम एकच, सवलतीची पोस्टरं छापायची. लाल अक्षरं, पिवळी पट्टी आणि कोपऱ्यात एक सोफा. सहा वर्षं मी लाल आणि पिवळं ओकत होतो. दुकानाचे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, "हा आहे म्हणून दुकान चालतंय." मी काय, फुगून बसायचो. मग एक दिवस नवा प्रिंटर आला. उंच, सडपातळ, आवाज न करणारा. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तेच वाक्य त्यालाही ऐकवलं. मला उचलून जिन्याखाली ठेवलं. तिथं एक बादली होती, झाडू होता आणि खुर्चीचा एक मोडका पाय होता. चार वर्षं मी त्यांच्या संगतीत काढली. शाई माझ्या नोझलांत वाळून बसली. मित्रांनो, प्रिंटर मोडायला हातोडा लागत नाही, त्याला नुसतं विसरून गेलं की पुरतं.

आणि मग ताई आली. सगळी गल्ली तिला ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सुया, काचेच्या नळ्या आणि थेंब. दुकानात ती आली होती आपल्या आईसाठी स्टूल घ्यायला, कारण आई शिवणकाम करते आणि तिचं जुनं स्टूल डुगडुगत होतं. नवं स्टूल बांधून होईपर्यंत ताई इकडेतिकडे बघत जिन्याखाली डोकावली आणि मला पाहून खाली बसलीच. माझं झाकण उघडलं, मोबाइलचा उजेड पाडला, पोटातली घरं मोजली. "सहा आहेत की," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं मालकांना विचारलं, हा चालतो का. मालक खरं बोलले. "चालत बिलत काही नाही. नेताय का? जागा अडवतोय नुसती." अशा रीतीनं मी एका स्टुलावर फुकट गेलो. ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही.

ताईचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर गच्ची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी आईचं शिवणयंत्र. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, गडद लाकडाचं, वर्षानुवर्षं कापड फिरून गुळगुळीत झालेलं. मला भिंतीलगत एका मजबूत पेटीवर बसवलं. आईनं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "एवढं मोठं धूड? ताई, मी तुला स्टूल आणायला पाठवलं होतं." पण त्याच दिवशी संध्याकाळी तिनं माझ्या मापाचं झाकण शिवायला घेतलं. आई बोलते एक आणि करते एक, हे मला पहिल्या दिवशीच कळलं.

मागच्या खोलीत अण्णा असायचे, ताईचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी फोटो काढले आणि अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हातांनी धुतले. सगळे काळेपांढरे. पण त्या रसायनांनी त्यांच्या हातांची कातडी सोलवटून निघायला लागली, बोटांना भेगा पडल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एक तर डार्करूम ठेवा, नाही तर हात. अण्णांनी हात ठेवले. पण त्यानंतर त्यांनी कॅमेराही उचलला नाही. पाच वर्षं ते आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या फोटोंना नावं ठेवत होते.

त्यांच्या कपाटात नेगेटिव्हच्या बावीस पेट्या होत्या. मी घरात आलो त्याच आठवड्यात जेवताना अण्णांनी जाहीर केलं, पेट्या जुन्या फोटोंच्या एका संग्रहाला देऊन टाकतोय. संग्रहाचे गृहस्थ महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गाडी घेऊन येणार होते. पेट्या दूरच्या शहरात जाणार, थंडगार कोठारात, कुलपाच्या आत. "इथं पडून तरी काय करायचंय?" अण्णा म्हणाले. "माझ्यानं आता छापून होत नाही." हे बोलताना ते आपल्या हातांकडे अजिबात बघत नव्हते. त्यांना किती वाईट वाटत होतं ते त्यावरूनच सगळ्यांना कळलं.

ताईनं घास खाली ठेवला. "अण्णा, एक फोटो. तुम्ही म्हणाल तो. या यंत्रावर तो तुमच्या मनासारखा छापून दाखवला तर पेट्या घरात राहतील आणि तुम्ही परत कामाला लागायचं. नाही जमलं तर पेट्या मी स्वतः गाडीत चढवून देईन."

अण्णांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. "या डबड्यावर?"

मी नवीन होतो म्हणून ऐकून घेतलं.

"बरं," अण्णा म्हणाले, "चादरीचा फोटो."

"अगं बाई, तो नको," आई म्हणाली. "तोंडात चिमटा आहे माझ्या."

तो फोटो त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाचा. सकाळची वेळ. गच्चीवरच्या दोरीवर ओली पांढरी चादर, मागं चुन्याची पांढरी भिंत. चादरीचं एक टोक धरून, ओठांत कपड्याचा चिमटा दाबून हसणारी आई, आणि तिच्या अंगावरचे कपडेही पांढरेच. पांढऱ्यापुढं पांढरं, त्यापुढं आणखी पांढरं. असा फोटो छापायचा म्हणजे प्रत्येक पांढऱ्याचा वेगळेपणा राखायचा, चादरीची एकेक चुणी दिसायला हवी. अण्णांना तो आयुष्यात एकदाच, दोन दिवस खपून, मनासारखा जमला होता. ती प्रत एका स्पर्धेला पाठवली ती परत आलीच नाही. पुढं त्या जातीचा फोटोचा कागद मिळेनासा झाला, मग हात गेले. ताई "चालेल" म्हणाली, पण तिचा चेहरा पडला. अण्णांनी सगळ्यांत अवघड तोच निवडला होता.

कामाला सुरुवात झाली ती माझं तोंड धुण्यापासून. लॅबमधून दुपारी आली की ताई एका बारीक नळीनं माझ्या नोझलांत साफ करायचं पाणी सोडायची आणि खाली टिपकागद धरायची. पहिल्या दिवशी टिपकागद कोराच. तिसऱ्या दिवशी गुलाबी. पाचव्या दिवशी त्या सोफ्याचा लाल रंग भसाभसा बाहेर आला, आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आठवड्यानं माझी सगळी नोझलं मोकळी झाली. तपासणीच्या पानावर मी बारीक रेघांची जाळी छापली, एकही रेघ तुटली नाही. ताईनं टाळी वाजवली. त्या घरातलं माझं ते पहिलं कौतुक.

मग शाई. ताईनं काजळीची दाट काळी शाई आणली आणि सोबत बिनरंगाचं पातळ पाणी. सुईच्या नळीनं मोजून मोजून तिनं एकाच काळ्या शाईच्या सहा बाटल्या केल्या, प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा पातळ. रक्ताचे थेंब मोजणाऱ्या हाताला हे काम म्हणजे खेळ. आईनं शिवणाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून बाटल्यांना चिकटवली. काळी, सावळी, करडी, राखी, धुरकट. सहावी बाटली तिनं उजेडात धरली. "हिच्यात शाई आहे का गं?" आणि चिठ्ठीवर लिहिलं, नावापुरती. आजही माझ्या सहाव्या घरात नावापुरतीच असते.

आता तुम्ही म्हणाल, शाई भरली, फोटो छापा. इतकं सोपं असतं तर मग काय हवं होतं. माझ्या जुन्या डोक्याला वाटत होतं की तिसऱ्या घरात गुलाबी आहे आणि पाचव्यात पिवळी. ताईनं नेगेटिव्हवरून चादरीचा फोटो संगणकात उतरवून घेतला होता; तो त्या समजुतीवर मी पहिल्यांदा छापला तेव्हा आईचे केस पांढरे आले आणि दात काळे. आई फोटो बघून पोट धरून हसली. "अहो, बघा, माझं आत्ताचं छापलंय यानं," तिनं अण्णांना ओरडून सांगितलं. अण्णा बाहेर आले नाहीत, पण मागच्या खोलीत वर्तमानपत्र जरा हललं.

म्हणून मला नवं शिकवणं भाग होतं. शिवाय सगळे कागदही सारखे नसतात. एकच थेंब गुळगुळीत कागदावर वर बसून राहतो आणि खरखरीत कागदात मुरून जातो. त्यामुळं प्रत्येक कागदासाठी वेगळा तक्ता करावा लागतो. इतकं काळं हवं असेल तर सहांतल्या कोणत्या शाईचे किती थेंब टाकायचे, याचा तक्ता. त्याला प्रोफाइल म्हणतात. ताईनं एक पातळ, मऊ, दुधासारखा पांढरा कागद निवडला आणि त्याच्यासाठी प्रोफाइल करायला बसली.

पद्धत अशी. आधी मी प्रत्येक शाईची एक पट्टी छापायची. पट्टीवर एकवीस चौकोन, पहिला कोरा, शेवटचा पूर्ण शाईचा, मधले पायरीपायरीनं गडद होत जाणारे. मग पट्टी वाळू द्यायची. मग एक छोटं यंत्र प्रत्येक चौकोनावर टेकवायचं, ते काळेपणाचा आकडा दाखवतं. ते आकडे संगणकात भरले की तक्ता तयार. ताईचा आकड्यांवर भारी विश्वास. लॅबमध्ये तिच्या आकड्यांवर डॉक्टर औषध देतात, मग फोटो काय चीज.

काळ्या शाईची पट्टी बाहेर आली तेव्हा अण्णा पाणी प्यायला म्हणून उठले होते. पाण्याचा माठ किंवा फिल्टर माझ्या बाजूला अजिबात नव्हता, तरी ते माझ्या बाजूनं आले. लांबूनच पट्टीकडे बघून म्हणाले, "काळेपणा शंभरातल्या सत्तरच्या पुढं चढतच नाही, शेवटचे चौकोन सगळे सारखेच आहेत. नुसता कागद भिजतोय. काळं असं ओतून येत नसतं."

"मोजल्याशिवाय कसं सांगता?" ताई म्हणाली.

"वाळल्याशिवाय कशी मोजतेस?" अण्णा म्हणाले आणि पाणी न पिताच आत गेले.

दुसऱ्या दिवशी वाळलेली पट्टी मोजली. आकडे बहात्तरपर्यंत चढत गेले आणि पुढं जागच्या जागी थांबले. ताईनं दोनदा मोजलं. मग मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "बहात्तर." आतून आवाज आला, "डोळे म्हातारे झाले, दोनाचा फरक पडला." त्या दिवसापासून अण्णांना दर तासाला तहान लागू लागली.

हळूहळू त्यांची खुर्ची पुढच्या खोलीत आली. ताई आकडा सांगायची, अण्णा डोळ्यांनी तपासायचे, आई पायानं शिवणयंत्र चालवत दोघांच्या मध्ये पडायची. "दोघांनीही माझ्याकडे बघा," ती म्हणायची, "मी डोळ्यांनी बेतते आणि टेपनं मोजते. दोन्ही करते म्हणून माझी बाही कधी तोकडी होत नाही." मला तर वाटायचं हे असंच चालत राहावं. चार वर्षं बादलीशी बोलून काढलेल्याला या घरातली भांडणंसुद्धा गोड लागतात.

सहाही शायांच्या पट्ट्या झाल्या, आकडे भरले, प्रोफाइल तयार झालं. तोवर शेवटचा आठवडा उजाडला होता. बुधवारी दुपारी ताईनं चादरीचा फोटो माझ्याकडे पाठवला. मी जीव तोडून छापला. चुन्याच्या भिंतीच्या खालचा काळा दगड असा आला की अण्णा उठून उभे राहिले. आईचे केस, डोळे, ओठांतला चिमटा, सगळं आलं. कागद पूर्ण बाहेर आला, वाळला, अण्णांनी तो खिडकीपाशी नेला. उजेडात तिरका धरला.

"चादर कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

चादर नव्हती. मित्रांनो, तिच्या जागी कोरा कागद होता. एक चुणी नाही, कड नाही. आई हवेतला कसला तरी कोपरा धरून हसत होती. ताईनं संगणकात पाहिलं, तिथं चादर होती. म्हणजे चूक माझ्यात किंवा माझ्या तक्त्यात. अण्णा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, आत जाऊन कपाट उघडलं आणि पेट्यांना सुतळी बांधायला घेतली. ताई कितीतरी वेळ मोरीत उभी राहून एकच सुईची नळी धूत होती. मला लाज वाटली. मी जिन्याखालीच बरा होतो असं तेव्हा मनात आलं.

गुरुवारी ताईनं रजा घेतली. सकाळपासून ती पट्ट्या परत मोजत होती. आकडे तेच येत होते. अकराच्या सुमाराला आईला टेबल हवं होतं, तिला पडद्याचं कापड बेतायचं होतं. ती पसारा आवरायला आली. तिनं एक पट्टी उचलली, परत ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"ताई, ही पट्टी मळकी का दिसते गं?"

"मळकी नाही आई, कोरी आहे ती बाजू."

"हातात घेतली की पांढरी, टेबलावर ठेवली की मळकी." आईनं पट्टी कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवली. "इथं बघ, परत पांढरी. अगं, कागद पातळ आहे. खालचं लाकूड वर येतंय. पातळ पांढऱ्या कापडाखाली मी काळं अस्तर लावलं तर गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहील का?"

ताईनं पट्टी स्वतः उचलून, ठेवून पाहिली. मग तिनं कपाळाला हात लावला. "कोरा कागद मी गठ्ठ्यावर मोजला होता. आणि पट्ट्या टेबलावर."

झालं होतं ते इतकंच. गठ्ठ्यावर मोजलेला कोरा कागद शुभ्र निघाला. पण फिकट चौकोन एकेकटे त्या गडद टेबलावर ठेवून मोजले, तेव्हा खालचं लाकूडही आकड्यात मिसळलं. नावापुरती शाई त्या यंत्राला चांगली करडी वाटली. मग तक्त्यानं मला बजावलं, फिकट जागी शाई पुरेशी होते आहे, आणखी टाकू नकोस. मी आपला आज्ञाधारक, टाकली नाही. घरात सपाट जागा एकच, आईचं टेबल. म्हणून ही चूक या घरातच होऊ शकत होती, आणि ती सापडणार होती तीही आईलाच.

अण्णा आतून सगळं ऐकत होते. हातात सुतळी तशीच घेऊन ते बाहेर आले. "मी धुतलेला फोटो नेहमी पांढऱ्याच ट्रेमध्ये बघायचो," ते म्हणाले. "का, ते तुला कधी सांगितलंच नाही. माझंच चुकलं." इतकं बोलून त्यांनी सुतळी खिशात घातली आणि दहा कोरे कागद मोजून, नीट एकावर एक रचून, पट्टीखाली सरकवले. "हं. आता मोज."

त्या दुपारी बापलेकीनं सहा पट्ट्या परत मोजल्या. अण्णा पट्टी सरकवायचे, ताई यंत्र टेकवायची आणि आकडा म्हणायची, आई पडद्याचं कापड मांडीवर घेऊन तो वहीत लिहायची. एकशे सव्वीस चौकोन. संध्याकाळपर्यंत नवं प्रोफाइल माझ्या हाती पडलं. वाचल्यावर मला समजलं की नावापुरती म्हणून जिला सगळे हसत होते, तिच्यावरच आता सगळी भिस्त होती.

शुक्रवारी सकाळी ताईनं आधी तपासणीचं पान छापून घेतलं. सगळ्या रेघा जागच्या जागी. मग तो पातळ कागद तिनं माझ्या तोंडाशी लावला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ती थाप नव्हती, नुसता हात होता. तिघंही माझ्यासमोर बसले. मी एकेक ओळ पुढं सरकत होतो. आमच्या जातीला चित्र कळत नाही, फक्त पुढची ओळ कळते. वीस मिनिटं मी श्वास रोखून थेंब टाकले, एकही इकडेतिकडे जाऊ दिला नाही. कागद बाहेर आल्याबरोबर ताई वाकली, पण अण्णांनी तिला अडवलं. "वाळू दे."

तासभर कोणी फोटोकडे पाहिलं नाही. आईनं भाजी चिरली आणि दोनदा मीठ घातलं. मग अण्णांनी फोटो दोन्ही हातांवर घेतला, खाली दहा कोरे कागद धरले आणि खिडकीपाशी गेले.

चादर आली होती. ओली, जड, दोरीपाशी ताणलेली आणि खाली चुण्या पडलेली. भिंतीचं पांढरं वेगळं, कपड्यांचं वेगळं, चादरीचं वेगळं. अण्णांचा चेहरा खुलला आणि ताईनं हुश्श केलं. त्यांनी फोटो आईच्या हातात दिला. "बघ नीट," ते म्हणाले.

आईनं चष्मा लावला. आधी स्वतःचा चिमटा पाहिला, जरा नाक मुरडलं. मग चादरीवर आली. आणि तिचं बोट हवेतच थांबलं. चादरीच्या मधोमध, चुण्यांवरून वाकडी होत गेलेली एक सावली होती, अगदी फिकट. रुंद खांदे, झुकलेलं डोकं, चेहऱ्याशी धरलेले दोन हात. सकाळचं कोवळं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येत होतं आणि त्या उन्हानं त्याची सावली अलगद चादरीवर टाकली होती.

"अहो," आई म्हणाली, "हे तुम्ही आहात."

"मीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्या एका प्रतीत आलो होतो. ती तुला दाखवायच्या आधीच स्पर्धेला गेली. नंतर म्हटलं, परत छापीन तेव्हा दाखवीन." अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "परत जमलंच नाही."

आईनं सावलीच्या कडेवरून हवेतच बोट फिरवलं. "आपला दोघांचा एकसुद्धा फोटो नाही म्हणून मी तुम्हाला आयुष्यभर बोलले," ती म्हणाली. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, फोटोतल्यासारखीच, फक्त चिमटा नव्हता. फोटोवर थेंब पडेल म्हणून अण्णांनी घाईघाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

ताई हळूच म्हणाली, "मला स्क्रीनवर तो नेगेटिव्हवरचा डाग वाटला होता. पुसूनच टाकणार होते मी." अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं की ती आईच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि मग तिघंही हसायला लागले. मी तेव्हा बंद होतो, तरी मला वाटलं माझ्यातही काहीतरी खुळखुळलं.

शनिवारी संग्रहाचे गृहस्थ गाडी घेऊन आले. अण्णांनी त्यांना दारातच सांगितलं, "पेट्या मिळणार नाहीत. चहा मिळेल." गृहस्थ भले होते. त्यांनी चहा घेतला, फोटो पाहिला, पुन्हा पाहिला आणि रिकामी गाडी घेऊन गेले. जाताना संग्रहासाठी एक प्रत मागून गेले. ती मी सोमवारी छापली. त्याच सोमवारी अण्णांनी कपाटातून एक पेटी बाहेर काढली, फुंकर मारली आणि ताईला म्हणाले, "आता खरखरीत कागदाचं प्रोफाइल कर. आणि पट्ट्यांखाली काय ठेवायचं ते आईला विचार."

आता मी रोज कामात असतो. आठव्या पेटीपर्यंत पोचलोय. अण्णा रोज सकाळी स्वतः माझं झाकण काढतात, तपासणीचं एक पान छापतात आणि एखादी रेघ तुटलेली दिसली की मला "काय रे, सर्दी?" म्हणून विचारतात. डबडं आता कोणी म्हणत नाही. कधीमधी अजूनही माझ्यात कागद अडकतो, मी काही साधुसंत नाही. माझ्यासमोरच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. एक चादरीचा. दुसरा ताईनं काढलेला. एका रविवारी तिनं अण्णांच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि त्यांना आईशेजारी उभं केलं. त्यात अण्णांचे डोळे मिटलेले आहेत आणि आई त्यांना काहीतरी बोलते आहे. ताई दुसरा काढूया म्हणाली, आईनं हाच हवा म्हणून सांगितलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्याकडून आठवड्यातून एक तरी पान छापून घेत जा. काम नसेल तरी घ्या. आम्ही कामानं थकत नाही, कोणी हाक मारली नाही की वाळतो. आणि आणखी एक सांगतो. तुमच्या घरात कोणीतरी असं असेल, जे प्रत्येक वेळी सगळ्यांचे फोटो काढतं आणि स्वतः एकाही फोटोत नसतं. आज घरी गेलात की त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घ्या आणि त्यांना मधोमध उभं करा. ऊन दर वेळी पाठीमागून येतंच असं नाही.